शाळेतल्या नेतृत्वासाठीची फेलोशिप: वर्षभरानंतर लिहिलेले परीक्षण

शाळेत काम करणाऱ्या माणसांना नेतृत्वासाठी तयार करायचे आणि त्यातून शिक्षणातली विषमता कमी करायची, असा दावा करणारी दोन वर्षांची एक फेलोशिप मी पूर्ण केली, त्याला आता वर्ष होऊन गेले. संपल्यासंपल्या परीक्षण लिहिले असते तर ते फार गोड झाले असते. शेवटच्या निवासी सत्रात सगळेच भारावलेले असतात आणि भारावलेल्या माणसाने दिलेले गुण कोणाच्याच उपयोगाचे नसतात. मधल्या वर्षात शाळेत काय टिकले आणि काय पुसले गेले ते पाहून झाले आहे, म्हणून आता लिहिते. संस्थेचे नाव देत नाही, कारण यातल्या बहुतेक गोष्टी, चांगल्याही आणि वाईटही, त्या एका संस्थेच्या नाहीत; त्या या प्रकारच्या फेलोशिपच्या बांधणीतूनच येतात.

‘फेलोशिप’ या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या सेवा दिल्या जातात आणि अर्ज करणाऱ्यांची पहिली गल्लत इथेच होते. पहिल्या प्रकारात नुकतेच पदवीधर झालेले तरुण निवडून त्यांना दोन वर्षे गरजू वस्त्यांतल्या शाळांत शिकवायला पाठवतात, आणि त्या अनुभवातून पुढे शिक्षणक्षेत्राचे नेतृत्व करणारी माणसे तयार होतील अशी अपेक्षा असते. वेंडी कॉप यांनी १९८९ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात पदवीच्या प्रबंधात मांडलेल्या कल्पनेतून ‘टीच फॉर अमेरिका’ उभी राहिली आणि १९९० मध्ये तिचे पहिले शिक्षक वर्गावर गेले. २००२ मध्ये ब्रिटनमध्ये ‘टीच फर्स्ट’ स्थापन झाली, २००७ मध्ये अशा संस्थांना जोडणारे ‘टीच फॉर ऑल’ हे जाळे तयार झाले, २००९ मध्ये ‘टीच फॉर इंडिया’चे पहिले फेलो शिकवू लागले, आणि आज हे जाळे ६० हून अधिक देशांत पोचले आहे. दुसऱ्या प्रकारात माणूस आधीपासूनच शाळेत असतो: शिक्षक, पर्यवेक्षक, मुख्याध्यापक. त्याने नोकरी सोडायची नसते. काम करता करता शिकायचे असते. अमेरिकेत २००० साली सुरू झालेल्या ‘न्यू लीडर्स’चे, मुख्याध्यापक घडवण्याचे काम या दुसऱ्या प्रकाराच्या जवळचे आहे. मी केली ती फेलोशिप याच प्रकारातली. त्या वेळी मी शाळेत पर्यवेक्षिका होते, आजही तीच आहे.

मला हा दुसरा प्रकार मुळातच अधिक पटतो. ग्रिसम, एगॅलिट आणि लिंडसे या तीन अभ्यासकांनी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या वीस वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. शाळेतला सुमार मुख्याध्यापक जाऊन त्याच्या जागी चांगला आला, तर मुलांच्या शिक्षणात पडणारी वर्षाची भर गणितात सुमारे २.९ महिन्यांची आणि वाचनात सुमारे २.७ महिन्यांची असते, असा त्यांचा हिशेब आहे. एक चांगला शिक्षक आपल्या एका वर्गाचे भले करतो, आणि त्या वर्गापुरता त्याचा परिणाम अधिकच खोल असतो. मुख्याध्यापकाचा परिणाम मात्र एकाच वेळी सगळ्या शाळेवर पसरतो. तेव्हा पैसा आणि कष्ट खर्च करायचेच असतील तर ते या जागेवर करावेत, हे म्हणणे रास्त आहे.

निवडप्रक्रिया मात्र मला तेव्हाही खटकली होती आणि आज जास्त खटकते. अर्जात तीन निबंध होते, त्यानंतर गटचर्चा, मग नमुना पाठ आणि शेवटी दोन मुलाखती. “तुम्ही पुढाकार घेऊन बदल घडवला असा प्रसंग सांगा” हा प्रश्न तीन टप्प्यांवर तीन वेषांत आला. ज्याच्याकडे असा प्रसंग तयार आहे आणि तो नीटनेटक्या भाषेत सांगण्याचे कसब आहे, तो पुढे जातो. आमच्या गटचर्चेत एक बाई होत्या. सुमारे वीस वर्षांचा अनुभव, शांत स्वभाव, आणि बोलल्या त्या दोनच वाक्ये. ती दोन वाक्ये त्या दिवसभरातली सर्वांत शहाणी वाक्ये होती. त्यांची निवड झाली नाही. जी माणसे आधीच नेत्यासारखी बोलतात त्यांनाच निवडायचे आणि दोन वर्षांनी ‘आम्ही नेते घडवले’ असे म्हणायचे, यात काहीतरी हिशेबाची लबाडी आहे, ही शंका माझ्या मनात त्या दिवशी शिरली.

ही शंका अभ्यासकांनाही पडलेली आहे आणि तिचे उत्तर शोधण्याची त्यांची रीत मला फार आवडली. फेलोशिप केलेल्यांची तुलना रस्त्यावरच्या कोणाशीही केली तर फेलो उजवेच ठरणार, कारण ते निवडून घेतलेले आहेत. म्हणून सेसिलिया मो आणि कॅथरीन कॉन यांनी २०१८ च्या अभ्यासात ‘टीच फॉर अमेरिका’च्या ३२ हजारांहून अधिक अर्जदारांची पाहणी केली आणि ज्यांची निवड अगदी थोडक्यात झाली व ज्यांची अगदी थोडक्यात हुकली, अशांना समोरासमोर ठेवले. हे दोन गट जवळपास सारखेच. फरक एवढाच की एक वर्गात गेला आणि दुसरा गेला नाही. वर्गात गेलेल्या, बहुतांशी सुस्थितीतल्या तरुणांना गरिबांवरचा अन्याय हा त्यांच्या आळसाचा नव्हे तर व्यवस्थेचा परिणाम आहे, हे अधिक स्पष्ट दिसू लागले होते. म्हणजे घडवणे होते, फक्त निवडणे नव्हे. पण २००९ मध्ये मॅकअ‍ॅडम आणि ब्रँट यांना याच संस्थेबाबत उलटही काही दिसले होते: दोन वर्षे पूर्ण केलेले लोक पुढच्या आयुष्यातल्या सार्वजनिक सहभागात, मधेच सोडून गेलेल्यांपेक्षा आणि निवड होऊनही न आलेल्यांपेक्षा, अनेक बाबतींत मागे होते. पहिल्या अभ्यासातून कळते की दृष्टी बदलते. दृष्टी बदलली म्हणून हातही चालू लागतील याची मात्र खात्री नाही, आणि माझा अनुभव नेमका या दोन निष्कर्षांच्या मधे कुठेतरी बसतो.

प्रत्यक्ष कार्यक्रमाबद्दल सांगायचे तर वर्षाला दोन निवासी सत्रे, महिन्यातून एक गटबैठक, प्रत्येकाला एक मेंटॉर आणि आपल्या शाळेत करायचा एक प्रोजेक्ट, अशी रचना होती. व्याख्याने बरी होती. वाचायला दिलेले साहित्य उत्तम, पण फार. कामावरून घरी आलेल्या माणसाला आठवड्याला सत्तर पाने वाचायला लावणे हे नियोजन नसून शुभेच्छा आहे. समानता आणि समता यांतला फरक, म्हणजे सर्वांना सारखे देणे वेगळे आणि ज्याला कमी मिळाले आहे त्याला अधिक देणे वेगळे, हा विषय पहिल्याच दिवशी चित्रे दाखवून समजावला गेला आणि पुढे दोन वर्षे तीच चित्रे फिरून फिरून येत राहिली.

निवासी सत्रातल्या ‘आपली गोष्ट सांगा’ या उपक्रमाबद्दल थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण तो जवळपास सगळ्याच फेलोशिपमध्ये असतो. स्वतःची गोष्ट, मग आपल्या सर्वांची गोष्ट, मग आत्ता काय करायचे याची गोष्ट, अशी त्याची बांधणी. हार्वर्डमध्ये मार्शल गँझ यांनी शिकवलेल्या पद्धतीवरून ती सर्वत्र पसरली. लोकसंघटन करणाऱ्यासाठी ती पद्धत खरोखर ताकदीची आहे. पण आमच्या सत्रात झाले असे, की ज्यांचे बालपण हलाखीत गेले त्यांनी ते उलगडायचे आणि ज्यांचे सुखात गेले त्यांनी डोळे पुसायचे. तिसऱ्या वेळी आमच्यातल्या एका सहकाऱ्याने शांतपणे सांगितले, “माझी गोष्ट मी दोनदा सांगितली आहे, या वेळी मी ऐकणार.” खोलीत अवघडलेली शांतता पसरली. सत्र घेणाऱ्या बाईंनी ती शांतता झाकायचा प्रयत्न केला नाही, पुढचा सगळा तास त्याच मुद्द्यावर दिला, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे. दोन वर्षांतले ते सर्वोत्तम सत्र होते आणि ते वेळापत्रकात नव्हते.

आता मेंटॉरबद्दल. या फेलोशिपमधली कोणती एक गोष्ट ठेवायची असे मला कोणी विचारले, तर मी व्याख्याने, प्रमाणपत्र आणि निवासी सत्रे सोडून देईन आणि मेंटॉर ठेवीन. माझ्या मेंटॉर स्वतः अनेक वर्षे मुख्याध्यापिका होत्या. पहिल्या भेटीत त्यांनी काहीही सल्ला दिला नाही. आमच्या शिक्षकसभेत कोपऱ्यात बसल्या आणि वहीत काहीतरी टिपत राहिल्या. सभा संपल्यावर त्यांनी ते पान फाडून माझ्या हातात दिले. चाळीस मिनिटांच्या सभेत कोण किती वेळ बोलले याची ती नोंद होती. माझ्या नावापुढे एकतीस मिनिटे होती. नऊ शिक्षकांपैकी पाच जणांच्या नावापुढे शून्य होते, आणि त्या पाचांत सर्वांत कठीण वर्ग सांभाळणाऱ्या दोघीही होत्या. मी स्वतःला सर्वांचे ऐकून घेणारी समजत होते. नेतृत्वावरच्या कोणत्याही पुस्तकाने मला इतके शिकवले नव्हते जितके त्या फाटक्या पानाने शिकवले. त्यानंतर दर दोन महिन्यांनी त्या येत, बघत, एकच प्रश्न विचारत आणि जात. पुढे गटात चौकशी केल्यावर कळले की सगळ्यांचे नशीब असे नव्हते; काहींचे मेंटॉर कधी शाळेत गेलेच नाहीत, फोनवर प्रोत्साहन देत राहिले. फेलोशिपचा दर्जा असा एका माणसावर अवलंबून असणे ही या सेवेची मोठी उणीव आहे, आणि मला तिचा फायदा झाला म्हणून ती उणीव नाही असे होत नाही.

माझा प्रोजेक्ट वर्गवाटपाचा होता. आमच्या शाळेत, आणि मी पाहिलेल्या बहुतेक शाळांत, न बोललेला एक नियम चालतो: सर्वांत ज्येष्ठ शिक्षकाला हुशार मुलांची तुकडी आणि नव्याने आलेल्याला शेवटची तुकडी. ज्येष्ठतेचा तो मान समजला जातो. मागे पडलेल्या मुलांच्या वाट्याला दरवर्षी नवखा शिक्षक येतो, तो शिकून तयार होतो, आणि तयार झाला की वरच्या तुकडीकडे जातो. यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. शिक्षकाच्या अनुभवाचा सर्वांत मोठा फायदा पहिल्या काही वर्षांत होतो, हे संशोधनात वारंवार दिसून आलेले आहे; म्हणजे शेवटच्या तुकडीतल्या मुलांना तो फायदा कधीच मिळू नये अशी व्यवस्था आपण अनवधानाने करून ठेवली आहे. मी पाच वर्षांची वर्गवाटपे एका कागदावर मांडली आणि शेजारी शिक्षकांच्या अनुभवाची वर्षे लिहिली. त्या कागदावर भाष्य करण्याची गरज पडली नाही.

बदल घडवायला वर्षभर बोलावे लागले. सभेत नव्हे, एकेकाशी, मधल्या सुट्टीत. शेवटी गणिताचे आमचे सर्वांत अनुभवी सर म्हणाले, “मी घेतो शेवटची तुकडी, पण एका अटीवर: पटसंख्या कमी करून द्या आणि निकालावरून मला जाब विचारू नका.” दोन्ही अटी योग्य होत्या. मुख्याध्यापकांनी त्या मान्य केल्या आणि एक वर्ष ती तुकडी सरांकडे राहिली. मुले बदलली, असे मोठ्या तोंडाने सांगणार नाही. पण पूर्वी परीक्षेच्या दिवशी गैरहजर राहणारी मुले त्या वर्षी पेपरला बसली.

याच प्रोजेक्टमुळे पहिल्या प्रकारच्या फेलोशिपकडे पाहण्याची माझी नजर अवघड झाली. मी ज्या प्रथेविरुद्ध वर्षभर झगडले, तीच प्रथा, म्हणजे सर्वांत नवख्या माणसाला सर्वांत गरजू मुलांसमोर उभे करणे, या जगप्रसिद्ध कार्यक्रमांचा पाया आहे. ‘टीच फॉर अमेरिका’चे शिक्षक वर्गावर जाण्यापूर्वीचे उन्हाळी प्रशिक्षण बरीच वर्षे अवघ्या पाच आठवड्यांचे होते. न्याय म्हणून दुसरी बाजूही सांगायला हवी. २००४ मध्ये मॅथमॅटिका या संशोधनसंस्थेने १७ शाळांतल्या १०० वर्गांत सुमारे दोन हजार मुलांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे वर्गांत वाटून जी तुलना केली, तीत या नवख्यांच्या वर्गातली मुले गणितात थोडी पुढे गेली आणि वाचनात काहीच फरक पडला नाही. म्हणजे मुलांचे नुकसान झाले नाही. पण तुलना कोणाशी होती? त्याच शाळांतल्या इतर शिक्षकांशी, ज्यांतल्या अनेकांचे प्रशिक्षणही अपुरेच होते. गरजू मुलांना आधीच इतके कमी मिळत होते की पाच आठवड्यांत तयार झालेला उत्साही तरुणही त्याहून वाईट ठरला नाही. हे त्या तरुणांचे कौतुक आहेच, पण त्याहून जास्त व्यवस्थेवरचा ठपका आहे, आणि त्या आकड्यांच्या जोरावर कार्यक्रमाची जाहिरात होते तेव्हा मला ती रुचत नाही.

आता गेल्या वर्षाविषयी. माझी फेलोशिप संपली, मेंटॉरच्या भेटी थांबल्या, आणि त्याच सुमारास मुख्याध्यापकांची बदली झाली. नवे मुख्याध्यापक सज्जन आहेत. त्यांनी जुनी यादी पुढे केली आणि वर्गवाटप पूर्वीसारखे झाले. सरांना त्यांची वरची तुकडी परत मिळाली. मी बोलले, पण शाळेत माझ्याशिवाय त्या कागदाचा अर्थ जाणणारे कोणी नव्हते. त्यानंतर काही आठवड्यांनी संस्थेचा अहवाल हाती आला. त्यात माझा प्रोजेक्ट ‘यशस्वी’ या शीर्षकाखाली होता, माझ्या फोटोसकट. मी कळवले की तो बदल आता शाळेत उरलेला नाही. उत्तर सौजन्याचे आले: अहवालात फेलोशिपच्या काळापुरतीच नोंद घेतली जाते. माझी खरी तक्रार इथे आहे. ज्या सेवेचे वचन व्यवस्था बदलण्याचे आहे, ती आपले मोजमाप व्यक्ती बदलल्यावरच थांबवते. माजी फेलोंपैकी किती जण कुठल्या पदावर पोचले याचे तक्ते संस्थेकडे आहेत. त्यांनी सोडलेल्या शाळांत काय उरले याचा तक्ता नाही.

हे अपरिहार्य आहे असेही नाही. अमेरिकेतल्या सहा मोठ्या शालेय जिल्ह्यांनी (म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणांनी) वॉलेस फाउंडेशनच्या मदतीने मुख्याध्यापक तयार करण्याची साखळी व्यवस्थेच्या आतच बांधली: निकष, प्रशिक्षण, निवड आणि नेमणुकीनंतरची साथ, सगळे जिल्ह्याचेच. रँड या संस्थेने २०१९ मध्ये तपासले तेव्हा, अशा नव्या मुख्याध्यापकांच्या शाळांतली मुले तीन वर्षांनी तुलनेतल्या शाळांपेक्षा वाचनात ६ हून अधिक आणि गणितात जवळपास ३ शतमक (पर्सेंटाइल, म्हणजे शंभरात मागे टाकलेल्यांच्या संख्येवरून ठरणारे स्थान) गुणांनी पुढे होती, आणि खर्च दर विद्यार्थ्यामागे वर्षाला सुमारे ४२ डॉलर, म्हणजे जिल्ह्याच्या अंदाजपत्रकाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी होता. त्यात कोणाचा फोटो छापायची सोय कमी, हे खरे.

वेळेच्या हिशेबाबद्दल अर्ज करण्यापूर्वी कोणी सांगत नाही, म्हणून सांगते. आठवड्याला सहा तास असे माहितीपत्रकात लिहिले होते. प्रत्यक्षात दहा लागत. शुल्क नव्हते आणि प्रवासखर्च मिळे, पण निवासी सत्रांच्या काळात माझे तास घ्यायला बदली शिक्षक कोण देणार याचे उत्तर शेवटपर्यंत मिळाले नाही. ते तास सहकाऱ्यांनी घेतले. घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असलेले, दुसरे काम करून संसार ओढणारे, असे शिक्षक आमच्या गटात जवळपास नव्हतेच. समतेसाठीच्या फेलोशिपमध्ये कोण येऊ शकत नाही, हा प्रश्न मी दुसऱ्या वर्षी बैठकीत मांडला होता. तो इतिवृत्तात आहे.

पाचपैकी गुण द्यायचे झाले तर मेंटॉरसाठी पाच, सत्रांसाठी तीन, निवडीसाठी दोन आणि शाळेत काय उरते यासाठी एक. तुम्ही वर्ग किंवा शाळा सांभाळत असाल, निदान तीन वर्षे तिथेच राहणार असाल आणि तुमचे मुख्याध्यापक सोबत असतील, तर ही फेलोशिप जरूर करावी. पद बदलण्याची शिडी म्हणून करायची असेल तरी ती उपयोगी पडेल. फक्त मग तिला समतेचे काम म्हणू नये. मुलाखतीत तुम्हालाही प्रश्न विचारायला सांगतात, तेव्हा तीन गोष्टी विचारा: मेंटॉर वर्षातून किती वेळा शाळेत येईल, माझ्या गैरहजेरीत माझे तास कोण घेईल, आणि मी शाळा सोडली तर माझ्या प्रोजेक्टचे काय होईल. तिसऱ्या प्रश्नावर समोरचे किती वेळ गप्प राहतात ते पाहा.

आमच्या शाळेतल्या एका तरुण सहकारी बाईंनी यंदा अर्ज करायचे मनात आणले आहे आणि शिफारसपत्र माझ्याकडे मागितले आहे. मी ते लिहिले. त्यात त्यांचे गुण लिहिले आणि खाली एक विनंती जोडली: एका शाळेतून एक नव्हे, दोघांना घ्यावे, म्हणजे एक गेला तरी कागदाचा अर्थ जाणणारा दुसरा शाळेत राहील. संस्थेने कळवले की निवड व्यक्तीची होते, शाळेची नाही, मात्र सूचना विचारार्थ ठेवली आहे. बाईंनी अर्ज अजून भरलेला नाही. गणिताच्या सरांना सोबत येता का, असे त्या विचारत आहेत.